उंबरठ्याबाहेरचे गाडगेबाबा

परवा भिशीत ओट्याचा विषय निघाला. आमच्या अकोल्याच्या एका मैत्रिणीच्या भिंतीवर रस्ता रुंदीकरणाची लाल खूण पडली आहे. तिचा ओटा आणि तीन पायऱ्या जाणार. बिचारी रडकुंडीला आली होती. सगळ्या जणी तिच्या बाजूने बोलल्या. मी मात्र गप्प होते, कारण इथे अमरावतीला आमच्या फाटकापुढचा स्कूटर चढवायचा उतार चांगला दोन फूट रस्त्यावर आला आहे, तोही नालीवरच.

घर बांधताना पुढे मोकळी जागा सोडावी लागते. तिला सामासिक अंतर म्हणतात. रस्ता रुंद असला की ते जास्त, जुन्या दाट वस्तीत कमी. २०२० साली बहुतेक महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आली, त्यातही ते आहे. आपण नकाशात ते सोडतो आणि मग हळूच पायरी, कट्टा, तुळशीवृंदावन करत करत नालीपर्यंत जातो. आपल्या घराचं तोंड आपण घरातून पाहतो ना, म्हणून हे खुपत नाही. आपल्या वऱ्हाडातल्या एका माणसाने मात्र जन्मभर घरं रस्त्यावरूनच पाहिली.

देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात, परिटाच्या घरी. वडील दारूपायी गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. देबू गुरं राखायचा, पुढे शेतीत तरबेज झाला. पण मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. वाचता न येणाऱ्याचं कागद काय करतो, ते त्याने तिथेच पाहिलं. पुढे शाळेसाठी ते एवढे का कळवळायचे, ते यातून कळतं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्याने गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद चांगलेच रुसले होते म्हणे.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागे कुंताबाई आणि लेकरं. खरं सांगू का, बाबांचं चरित्र वाचताना माझं मन दर वेळी इथे अडतं. कुंताबाईंनी ते दिवस कसे काढले असतील? चरित्रकार पुढे निघून जातात, आपण बाया तिथेच थांबतो.

डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की कोणाच्या दारात न थांबता सरळ रस्ता झाडायला लागायचे. तुंबलेल्या नाल्या हाताने उपसायचे. घरधनी ओट्यावर बसून बघायचे, मग एकेक जण लाजून खाली उतरायचा. दिवसभर हा माणूस कोण, असा प्रश्न पडलेलं गाव रात्री त्याच्याच कीर्तनाला बसलेलं असायचं. तिथे ते उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे. जत्रेला कोंबडं-बकरं का कापता, कर्ज काढून लग्न का करता, पोराला शाळेत का घालत नाही? पाया पडायला कोणी आलं की ते मागे सरत.

ऋणमोचनला पूर्णेच्या काठी त्यांनी लोकवर्गणीने घाट बांधून घेतला. मग पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही, पेशंटच्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपायला लागू नये म्हणून. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण स्वतः राहायचे बाहेर झोपडीत. घरच्यांनाही तिथे हक्क दिला नाही. मुलगा गेल्याची बातमी आली तेव्हा कीर्तन सुरू होतं, ते त्यांनी थांबवलं नाही. हे मोठेपण आहे की कठोरपणा, मला अजून ठरवता येत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी गाडीतच देह ठेवला. म्हणजे शेवटही रस्त्यावरच. समाधी इथे गाडगेनगरला आहे, विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. दर वर्षी पुण्यतिथीला आम्ही महिला मंडळाच्या बाया खराटे घेऊन निघतो. मागच्या वेळी झाडत झाडत आमच्याच गल्लीत आलो, तर माझ्या उताराखाली नाली तुंबलेली. खराटा आत जाईचना. पावसाळ्यात शेजारच्या वहिनींच्या अंगणात पाणी शिरतं ते कशामुळे, ते तेव्हा मला कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

आमच्या ह्यांना आधी पटलं नाही. गल्लीत सगळ्यांचेच उतार बाहेर आहेत, आपणच काहून तोडायचा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सासूबाईच माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. गवंडी रविवारी यायचा आहे. उतार फाटकाच्या आत घ्यायचा म्हणजे चढ फार उभा होईल म्हणतो. स्कूटर नाही चढली तर बाहेर ओढून काढू.