ओळखीच्या पदांतले भास्करबुवा

गणेशोत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की ‘स्वयंवर’मधले एखादे पद होतेच. आपण माना डोलावतो, बालगंधर्वांची आठवण काढतो. चाल कोणाची, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ती भास्करबुवा बखले यांची, आणि बुवा आपल्या बडोदे संस्थानातले!

त्यांचा जन्म १८६९ साली सुरतेजवळच्या कठोर गावचा. लहानपणी आवाज फार गोड होता. त्या जोरावर किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरकाव झाला, स्त्रीभूमिका मिळाल्या. पण वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. दुसरा एखादा तिथेच खचला असता. बुवांनी बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांचीही विद्या मिळवली. तीन घराण्यांचे गाणे एका गळ्यात आले. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य.

ज्या रंगभूमीने दार बंद केले होते, तिलाच त्यांनी हे धन दिले. पूर्वीच्या नाटकांत साकी, दिंडी अशा चाली पुष्कळ असत. १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये बुवांनी यमन, बिहाग, भूप, भीमपलास असे राग सरळ रुक्मिणीच्या तोंडी घातले.

मला शास्त्रीय संगीत येत नाही. पण आमच्या पेटीवाल्या काकांनी एकदा सांगितले, की भूपात मध्यम आणि निषाद नसतात, पाचच स्वर. त्या दिवसापासून ‘सुजन कसा’ ऐकताना मी ते दोन स्वर शोधतो. पाच स्वरांत एवढे मोठे गाणे उभे आहे, हे वर्षानुवर्षे ऐकूनही ध्यानात आले नव्हते.

१९२२ साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी बुवा गेले. त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. ते कसे गात, हे आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. उरल्या आहेत त्या चाली आणि शिष्यपरंपरा.

म्हणून यंदा पद सुरू झाले की नुसती मान डोलावू नका. चालीकडे कान द्या, आणि शेजारी बसलेल्या मुलांना बुवांचे नाव जरूर सांगा.