आंदणामागची राणी

मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येचे आंदण म्हणून इंग्रजांच्या हाती आले, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती राजकन्या कोण होती आणि सासरी तिचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. तिचे नाव ब्रॅगांझाची कॅथरिन. ती रोमन कॅथलिक होती आणि तिचा पती, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, हा अँग्लिकन चर्चचा प्रमुख होता. दोघेही एकाच ख्रिस्ताचे उपासक. परंतु सतराव्या शतकातील युरोपात या दोन पंथांमधील दरी दोन धर्मांमधील दरीपेक्षा लहान नव्हती. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे मध्य युरोप ज्या युद्धात होरपळून निघाला, त्यात हीच दरी रक्ताने भरली गेली होती. अशा काळात दोन पंथांच्या माणसांनी एक संसार करावयाचा म्हणजे काय, याचा वस्तुपाठ कॅथरिनच्या चरित्रात सापडतो.

कॅथरिनचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा येथे झाला. त्या वेळी पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १५८० पासून चालत आलेले हे जोखड १६४० च्या डिसेंबरात पोर्तुगीज सरदारांनी झुगारून दिले आणि कॅथरिनचा पिता, ब्रॅगांझाचा ड्यूक, चौथा जॉन या नावाने गादीवर आला. दोन वर्षांची सरदारकन्या अशा रीतीने राजकन्या झाली. तथापि स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले नव्हते आणि स्पेनच्या दबावाखाली असलेल्या पोपनेही नव्या राजाला राजा मानले नव्हते. स्वतःला निष्ठावंत कॅथलिक म्हणविणाऱ्या या राजघराण्याला त्याच्याच धर्मपीठाची मान्यता नसावी, हा मोठाच विरोधाभास होता. १६५६ मध्ये चौथा जॉन वारला आणि राज्याची सूत्रे त्याची कर्तबगार पत्नी लुइझा हिच्या हाती आली. १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाला आणि पोर्तुगाल एकाकी पडला. राज्य वाचवावयाचे तर समर्थ आरमाराचा मित्र हवा होता. असा मित्र इंग्लंडशिवाय दुसरा दिसत नव्हता.

तहनाम्यातील लग्न

इंग्लंडची गरजही लहान नव्हती. चार्ल्सच्या पित्याचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला होता. अकरा वर्षांच्या वनवासानंतर १६६० मध्ये गादीवर आलेल्या चार्ल्सची तिजोरी रिकामी होती. २३ जून १६६१ रोजी झालेल्या तहाने कॅथरिनसोबत वीस लक्ष क्रुझादोंची रक्कम, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर, हिंदुस्थानातील मुंबई बेट आणि ब्राझील व पूर्वेकडील पोर्तुगीज वसाहतींत व्यापाराच्या सवलती इंग्लंडला देऊ केल्या. त्या मोबदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणाची हमी घेतली.

या तहात धर्माविषयीची दोन कलमे आहेत आणि ती मुळातून लक्षात घेण्यासारखी आहेत. राणीला आपल्या पंथाप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक राहील आणि त्यासाठी तिच्या निवासात प्रार्थनामंदिर व धर्मगुरू असतील, असे एका कलमाने मान्य करण्यात आले. मुंबईच्या कॅथलिक रहिवाशांना बेट इंग्रजांकडे गेल्यावरही आपला धर्म निर्वेधपणे पाळता येईल, असे दुसरे कलम सांगते. वधूच्या श्रद्धेला आणि तिच्या आंदणातील प्रजेच्या श्रद्धेला एकाच करारात संरक्षण मिळाले होते.

परंतु कागद आणि व्यवहार यांच्यातील अंतर पहिल्या दिवसापासूनच जाणवू लागले. तेविसाव्या वर्षी कॅथरिन लिस्बनहून निघाली, तेव्हा ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच तयार होती आणि तीतही बराच भाग साखर व मसाल्यांच्या रूपाने होता. १६६२ च्या मे महिन्यात ती पोर्टस्मथला उतरली. २१ मे रोजी तिचे लग्न एकाच दिवशी दोनदा लागले. प्रथम तिच्या खाजगी दालनात मोजक्या साक्षीदारांसमोर कॅथलिक विधी झाला. त्यानंतर लंडनचे बिशप गिल्बर्ट शेल्डन यांच्या हस्ते अँग्लिकन विधी जाहीरपणे पार पडला. वधूच्या मनाला जो विवाह खरा वाटत होता तो बंद दाराआड लागला आणि राज्याने जो खरा मानला तो सर्वांसमक्ष लागला. पुढील तेवीस वर्षांच्या संसाराची रीत त्या एका दिवसाने घालून दिली. अँग्लिकन धर्मविधीत भाग घेणे तिला शक्य नसल्याने इंग्लंडची राणी म्हणून तिला राज्याभिषेक कधीच झाला नाही.

आंदणाची कथाही सुरळीत नव्हती. मुंबई ताब्यात घेण्यासाठी आलेल्या सर अब्राहम शिपमन यांना पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट देण्याचे नाकारले. सुमारे चारशे सैनिकांसह शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले आणि १६६४ मध्ये तेथेच वारले. रोगराईने त्यांची बहुतेक पलटण गिळली. उरलेल्या शंभरेक माणसांसह हंफ्री कुक यांनी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा घेतला. तीनच वर्षांनी राजाने हे बेट वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. ज्या ठेव्यासाठी लग्न जुळविले, त्याची राजाला वाटलेली किंमत ही एवढी होती.

परक्या घरातील वास

सासरी कॅथरिनला पहिला घाव बसला तो पंथाचा नव्हता. राजाची रखेली बार्बरा, लेडी कॅसलमेन, हिला राणीच्या खास परिवारात मानाची जागा द्यावी, असा हट्ट चार्ल्सने लग्नानंतर काही आठवड्यांतच धरला. कॅथरिनने निकराने विरोध केला. राजाने तिच्या पोर्तुगीज परिवारातील बहुतेकांना मायदेशी धाडले. भाषा परकी, माणसे परकी, आणि पती असा. अखेर तिने माघार घेतली. तिची हार दरबाराने पाहिली. परंतु त्यानंतर तिने जो संयम अंगी बाणविला, त्याने राजाच्या मनात तिच्याविषयी हळूहळू आदर निर्माण केला.

तिचा पंथ हा मात्र लंडनच्या जनतेच्या डोळ्यांत सलणारा काटा होता. चार्ल्सची माता हेन्रिएटा मारिया हीदेखील कॅथलिक होती आणि पहिल्या चार्ल्सच्या विनाशाचे खापर बरेचसे तिच्या माथी फोडले गेले होते. तेच लोक आता दुसऱ्या कॅथलिक राणीकडे त्याच नजरेने पाहत होते. भिन्न पंथीयांच्या विवाहात वादाचा खरा मुद्दा बहुधा संततीचा असतो. मुले कोणत्या वेदीसमोर गुडघे टेकणार, हा तो प्रश्न. कॅथरिनच्या बाबतीत तो उद्भवलाच नाही. तिचे गर्भ पुन्हा पुन्हा गळाले आणि १६६९ नंतर आशाही संपली. राजाने आपली म्हणून मान्य केलेली अनौरस मुले डझनभर होती. राणीची कूस रिकामी राहिली.

याचे राजकीय परिणाम भयंकर झाले. वारस नाही म्हणून गादी राजाचा भाऊ जेम्स याच्याकडे जाणार होती आणि जेम्स स्वतः कॅथलिक झाल्याचे १६७३ मध्ये उघडकीस आले. राणीला घटस्फोट देऊन प्रॉटेस्टंट स्त्रीशी लग्न करावे, असा सल्ला राजाला वारंवार मिळू लागला. १६७० मध्ये लॉर्ड रूस या सरदाराला पुनर्विवाहाची परवानगी देणारे विधेयक उमरावांच्या सभेत आले, तेव्हा राजा स्वतः चर्चेस जाऊन बसू लागला आणि राणीचे दिवस भरले, अशी कुजबुज सुरू झाली. पण चार्ल्सने ते पाऊल उचलले नाही.

आरोपाचे दिवस

कसोटीचा क्षण १६७८ मध्ये आला. टायटस ओट्स नावाच्या एका भामट्याने राजाला ठार मारण्याचा कॅथलिकांचा कट शिजत असल्याची कहाणी रचली. ओट्सची जबानी ज्यांच्यासमोर नोंदविली गेली होती, त्या न्यायाधीश एडमंड गॉडफ्री यांचे प्रेत ऑक्टोबरमध्ये सापडताच लंडनचे भान सुटले. खून राणीच्या सॉमरसेट हाउस या निवासस्थानी झाला, असे सांगण्यात आले. त्यासाठी तीन निरपराध माणसे फाशी गेली. नोव्हेंबरमध्ये ओट्सने खुद्द राणीवर पार्लमेंटसमोर आरोप केला. राजावर विषप्रयोग करण्याच्या बेतात तिचा वैद्य सर जॉर्ज वेकमन सामील असून तिची त्यास संमती होती, असे त्याचे म्हणणे होते. राणीला दरबारातून दूर करावे, असा ठराव कॉमन्स सभेने केला. उमरावांनी त्यास साथ दिली नाही, एवढेच तिचे नशीब.

या प्रसंगी चार्ल्सने दाखविलेला निश्चय त्याच्या एरवीच्या शिथिल चारित्र्याशी विसंगत वाटेल असा आहे. त्याने ओट्सची स्वतः उलटतपासणी केली. सॉमरसेट हाउसच्या अंतर्भागाचे वर्णन ओट्सला नीट करता आले नाही. राजाने त्याला पहाऱ्यात ठेवले. परंतु लोकक्षोभ इतका अनावर होता की, पार्लमेंटने त्याची सुटका करविली. १६७९ च्या जुलैत वेकमन निर्दोष सुटला आणि ओट्सच्या खोटेपणाला पहिला तडा गेला. तोपर्यंत अनेक कॅथलिकांचे बळी पडले होते, आणि ते सत्र त्यानंतरही काही काळ चालूच राहिले. १६८० च्या नोव्हेंबरात शाफ्ट्सबरी यांनी घटस्फोटाची सूचना पुन्हा पुढे आणली, तेव्हा राजाने उमरावांना स्वतः भेटून ती हाणून पाडली. राणीला दूर लोटले असते तर त्याला लोकप्रियता आणि वारस या दोन्हींची आशा धरता आली असती. त्याने ती किंमत मोजली नाही. विवाहातील एकनिष्ठेची शपथ ज्याने उघडपणे मोडली, त्याने पत्नीच्या श्रद्धेविषयी दिलेला शब्द मात्र राखला.

शेवटची भेट

१६८५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मृत्युशय्येवर पडला. कॅथरिन त्याच्या उशाशी येऊन शोकावेगाने मूर्च्छित झाली. तिला दुसऱ्या दालनात न्यावे लागले. तेथून तिने क्षमायाचनेचा निरोप धाडला, तेव्हा क्षमा तर आपणच मागावयास हवी, अशा आशयाचे उत्तर राजाने दिले. त्याच सुमारास जिन्याच्या चोरवाटेने एक वृद्ध धर्मगुरू राजाच्या खोलीत आला. ते फादर जॉन हडलस्टन. १६५१ मध्ये वूस्टरच्या पराभवानंतर पळत असलेल्या चार्ल्सला दडवून ठेवण्यास त्यांनी मदत केली होती आणि पुढे राणीच्या आश्रयाखाली ते सुरक्षित राहिले होते. अँग्लिकन चर्चच्या प्रमुखाने त्यांच्या हातून कॅथलिक संस्कार घेतले आणि ६ फेब्रुवारी रोजी देह ठेवला. कॅथरिनचा विवाह बंद दाराआड लागला होता. पतीशी तिचे पांथिक ऐक्यही बंद दाराआडच झाले, आणि तेही मृत्यूपूर्वी काही तास.

जेम्स राजा झाला. परंतु १६८८ च्या क्रांतीने त्याला देशोधडीस लावले. १६९२ मध्ये कॅथरिनने इंग्लंड सोडले. उपेक्षित राणी म्हणून ज्यांनी तिला ओळखले, त्यांना तिचे पुढचे आयुष्य अनपेक्षित वाटेल. लिस्बनमध्ये तिने बेंपोश्ता हा राजवाडा बांधविला. भाऊ दुसरा पेद्रो आजारी पडला असता १७०४-०५ मध्ये रीजंट म्हणून स्पेनविरुद्धच्या युद्धकाळात तिने पोर्तुगालचा कारभार समर्थपणे सांभाळला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती निवर्तली.

इंग्लंडने मात्र तिच्या संसारावरून वेगळाच धडा घेतला. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीलाच काय, कॅथलिकाशी विवाह करणाऱ्यालाही गादीचा हक्क नाकारला. १७०१ च्या कायद्याने ही तटबंदी पक्की केली. १९७८ मध्ये केंटचे राजपुत्र मायकेल यांनी कॅथलिक स्त्रीशी विवाह केला आणि वारसाक्रमातील आपली जागा गमावली. २०१३ च्या सुधारणेने विवाहापुरती ही अट रद्द केली आणि ती सुधारणा २०१५ मध्ये अमलात आली. राजाने स्वतः कॅथलिक असू नये, हा नियम मात्र कायम आहे. रोमच्या धर्मपीठानेही १९७० मध्ये मिश्र विवाहांचे नियम सैल केले आणि संततीविषयी वचन देण्याच्या सक्तीतून कॅथलिकेतर जोडीदाराला मोकळे केले. हिंदुस्थानात मात्र १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना एकाच कायद्याखाली विवाहबद्ध होऊ देतो.

कायदे बदलले, तरी भिन्न पंथांच्या घरांतून सून वा जावई येतो तेव्हा तेच जुने प्रश्न उंबरठ्यावर उभे राहतात. लग्न कोणत्या चर्चमध्ये लागणार, रविवारी कोण कोठे जाणार, मुलांचा बाप्तिस्मा कोठे होणार, याची उत्तरे आधी ठरवून घेणे शहाणपणाचेच आहे. कॅथरिनच्या विवाहात ती दोन राज्यांच्या मुत्सद्द्यांनी लिहून ठरविली होती. परंतु १६७८ च्या हिवाळ्यात, सारे शहर तिच्या रक्ताची मागणी करीत असताना, ते कलम आपोआप तिच्या मदतीला धावले नाही. ज्याने ते पाळावयाचे होते त्या माणसाने ते पाळले, म्हणून ती वाचली. तिने पतीच्या असंख्य अपराधांकडे काणाडोळा केला, पण आपली प्रार्थना सोडली नाही. त्याने तिला अनंत दुःखे दिली, पण ती प्रार्थना सोडण्यास कधी सांगितले नाही. या सदोष, दुःखी संसाराला तेवीस वर्षे तग धरता आली, ती एवढ्या एका गोष्टीच्या बळावर.