दिव्याच्या चित्राचे हळदणकर

एका हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने त्याला आडोसा करून उभी असलेली ती तरुणी आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेली आहे. कुणाच्या माहेरी ती चौकटीत होती, कुणाकडे कॅलेंडरवर. बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड एकदा पाहिला की विसरत नाही. पण चित्र कुणाचे म्हणून विचारले, तर आमच्या मंडळातल्या दोन-चार भगिनी अजूनही रविवर्म्याचे नाव ठासून सांगतात. रविवर्मा १९०६ साली निवर्तला. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचे, आणि ते काढणारे आपल्या मुंबईचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांच्यावर लिहायचे काम मी मागून घेतले ते एवढ्यासाठीच.

त्यांचा जन्म सावंतवाडीचा, १८८२ सालचा. मुंबईस येऊन ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तेव्हा तेथे धुरंधर शिकवीत असत. पुढे सरकारी नोकरीच्या मागे न लागता त्यांनी १९०८ साली स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. व्यक्तिचित्रे आणि जलरंग या दोन्हींत त्यांचा हात सारखाच चाले.

मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. हे चित्र काढले तेव्हा त्यांचे वय त्रेसष्टच्या आसपास होते. नोकरी केली असती तर केव्हाच पेन्शनीत गेले असते. बक्षिसे मिळवून झाली होती, चित्रशाळेला सदतीस-अडतीस वर्षे झाली होती, आणि मुलगा गजाननही चित्रकार म्हणून पुढे आला होता. आता प्रदर्शनाच्या भिंतीवर नव्या पोरांशेजारी चित्र टांगून परीक्षकांपुढे उभे राहायची काय गरज, असे कुणीही म्हटले असते. हळदणकरांनी चित्र काढले आणि म्हैसूरच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात पाठविले. तेथे त्याला पहिले बक्षीस मिळाले.

आणि काढले तेही जलरंगात! तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. जेथे उजेड दाखवायचा तेथे कागद कोरा राखायचा, आणि फिक्याकडून गडदाकडे जपून जायचे. अंधार एकदा सांडला की सांडला. करपलेल्या फोडणीसारखा तो मागे घेता येत नाही. त्या बाईच्या तोंडावरचा उजेड हा असा राखलेला उजेड आहे. साठी उलटलेल्या हाताने तो राखला, याचे मला फार कौतुक वाटते.

चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या गीता. घरातली मुलगी, हातात दिवा. आपल्या घरी रोज तिन्हीसांजेला दिसणारेच दृश्य. देवी नाही, पुराणातली नायिका नाही. म्हणूनच ते चित्र घराघरांत गेले असावे.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मंडळाच्या दक्षिणेच्या सहलीत मी ते पाहिले. तेथे रविवर्म्याचीही चित्रे आहेत. घोटाळा होतो तो बहुधा त्यामुळे. माझ्या पुढच्या बाई तर उजेड येतो कोठून म्हणून चौकटीच्या मागे डोकावू पाहत होत्या! मी त्यांना चित्रकाराचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले.

हळदणकर १९६८ साली वारले. गीताताई मात्र पुष्कळ जगल्या. २०१८ साली कोल्हापुरात त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय एकशे दोन होते, आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या निधनाच्या बातमीबरोबर हेच चित्र छापले.