थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (इ.स. १५४९ – इ.स. १६१९) हे येशूसंघाचे इंग्रज धर्मोपदेशक, मराठी कवी आणि कोंकणी भाषेचे व्याकरणकार होते. क्रिस्तपुराण हे ओवीबद्ध मराठी महाकाव्य ही त्यांची प्रमुख रचना होय. धर्मांतरितांनी जुन्या सणांच्या व पुराणश्रवणाच्या चालीरीतींपैकी काय सोडावे आणि काय राखावे, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर म्हणून या ग्रंथाकडे पाहिले जाते.

जीवन

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन येथे झाला. इ.स. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी प्रांतात काम केले. इ.स. १५८३ मध्ये भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदविले आहे.

धार्मिक पार्श्वभूमी

स्टीफन्स येण्यापूर्वीच, इ.स. १५६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. त्याच वर्षीच्या गोव्यातील प्रांतीय धर्मसभेने हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर निर्बंध घालण्याची भूमिका घेतली. अनेक दैवतांच्या मूर्ती पोर्तुगीज हद्दीबाहेर फोंड्याकडे नेण्यात आल्या. या धोरणाविरुद्धचा रोष इ.स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे उफाळून आला आणि त्यात पाच येशूसंघीय मारले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना सणासुदीला पुराण ऐकण्याची सवय होती. जुन्या पोथ्या गेल्यावर त्या जागी काहीच उरले नाही.

क्रिस्तपुराण

ही उणीव ग्रंथाच्या आरंभीच मांडलेली आहे. जुनी पुराणे वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देऊ नये, असा प्रश्न एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्री गुरूंना विचारतो आणि त्यातून कथेला प्रारंभ होतो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याचे दोन भाग असून पहिल्यात बायबलच्या जुन्या कराराची, तर दुसऱ्यात येशूच्या जीवनाची कथा येते. जुन्या दैवतांची उपासना स्टीफन्स स्पष्टपणे नाकारतात. मात्र ओवी, गुरुशिष्यसंवाद आणि वैकुंठासारखे रूढ शब्द ते राखतात. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा हा ग्रंथ चर्चच्या अनुमतीने इ.स. १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापला गेला. तो रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचला जात असे. इ.स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

नंतरचा काळ

स्टीफन्स यांच्या निधनानंतर त्यांची दौत्रिन क्रिस्तां (१६२२) आणि कोंकणीचे व्याकरण (१६४०) ही पुस्तके प्रसिद्ध झाली. पुढे मात्र राज्यकर्त्यांचे धोरण अधिक कठोर बनले. इ.स. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीजचा आग्रह धरला. इ.स. १७३६ मध्ये धर्मसमीक्षण सभेने (इन्क्विझिशन) ख्रिस्ती कुटुंबांना अंगणात तुळस लावण्यास आणि लग्नात पानसुपारी देण्यासही मनाई केली. विधी आणि रिवाज यांत स्टीफन्स यांनी केलेला भेद या आदेशाने पुसून टाकला.

तरीही काही रिवाज टिकून राहिले. रायतूरलगतच्या राय गावी ५ ऑगस्ट रोजी कणसांचे फेस्त साजरे होते. त्यात नव्या भाताच्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. गोव्यातील हिंदू घरांत गणेशचतुर्थीच्या सुमारास नव्या कणसांची पूजा होते. दोन्ही प्रसंगी मान नव्या पिकालाच असतो.

क्रिस्तपुराणाची पुढील आवृत्ती इ.स. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालदान्हा यांनी संपादित केली. इ.स. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि हा ग्रंथ मराठी वाचकांना सहज उपलब्ध झाला.