ब्रुस मॅकलारेन

ब्रुस लेस्ली मॅकलारेन (३० ऑगस्ट १९३७, ऑकलंड – २ जून १९७०, गुडवुड, इंग्लंड) हे न्यूझीलंडचे मोटार शर्यतचालक, अभियंते आणि मॅकलारेन या शर्यत संघाचे संस्थापक होते. वेगवान चालक म्हणून त्यांची ख्याती होतीच. पण गाडी तपासणे, चालवून पाहणे, तिच्यातील दोष हेरणे आणि ती पुन्हा सुधारणे यांतील त्यांचे कौशल्य अधिक वाखाणले गेले. या सवयीचे मूळ त्यांच्या पहिल्या हौशी स्पर्धेच्या तयारीत सापडते.

बालपण आणि आजारपण

ऑकलंडच्या रेमुएरा भागात ब्रुस यांचे वडील लेस यांचा पेट्रोलपंप आणि गॅरेज होते. लेस यांनी स्वतः मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेतला होता. नवव्या वर्षी ब्रुस यांना पर्थीज हा खुब्याचा विकार जडला. या विकारात मांडीच्या हाडाच्या गोलाकार टोकाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड ठिसूळ होते. उपचारासाठी त्यांना टाकापुना येथील विल्सन होम या संस्थेत सुमारे दोन वर्षे राहावे लागले. त्यांतला पुष्कळ काळ अंथरुणाला खिळून गेला. आजार बरा झाला, तरी डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला आणि किंचित लंगडणे जन्मभर सोबतीला आले. मैदानी खेळांची वाट अशा रीतीने बंद झालेल्या या मुलाला वडिलांचे गॅरेज मात्र खुले होते.

ऑस्टिन सेव्हन आणि पहिली स्पर्धा

ब्रुस सुमारे तेरा वर्षांचे असताना लेस यांनी १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपात विकत घेतली. तिची जुळणी करण्यात बराच काळ गेला. गाडी उभी राहिल्यावर लेस यांनी ती चालवून पाहिली आणि तिचे वागणे पाहून ते इतके धास्तावले की त्यांनी ती विकून टाकण्याचे ठरवले. ब्रुस यांनी त्यांचे मन वळवले, आणि गाडी घरातच राहिली.

लेस यांची धास्ती अनाठायी नव्हती. या गाडीचे इंजिन अवघे ७४७ घन सेंटिमीटरचे होते. तिचा क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर फिरत असल्यामुळे फार वेगाने फिरवल्यास तो लवत असे. ब्रेक तारांनी ओढले जात. चारही तारांचा ताण सारखा नसला, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचली जाई. मागचा आस आखूड पाट्यांवर टांगलेला असे. त्यामुळे वळणावर गाडी कलली की तो आसही थोडा वळे आणि चालकाने वळवली नसतानाही गाडी दिशा बदलू पाहत असे. असे यंत्र नुसते दुरुस्त करून भागत नाही. त्याचा स्वभाव अंगवळणी पाडून घ्यावा लागतो.

ब्रुस यांनी तेच केले. रस्त्यावर गाडी चालवण्याचे वय अद्याप झालेले नव्हते; म्हणून घरामागच्या आवारात, फळझाडांभोवती, त्यांनी इंग्रजी आठच्या आकाराची वाट आखली आणि तीवर सराव सुरू केला. वाट लहान असली तरी योजना शहाणपणाची होती. इंग्रजी आठमध्ये डावे आणि उजवे वळण आळीपाळीने येते. गाडी एका बाजूला अधिक ओढत असेल, तर ते लगेच ध्यानात येते.

१९५२ मध्ये ऑकलंडच्या पश्चिमेस असलेल्या मुरिवाई येथील चढणीच्या शर्यतीत ते या गाडीसह उतरले. चढणीच्या शर्यतीत गाड्या एकामागून एक, स्वतंत्रपणे सोडल्या जातात आणि चढ पार करण्यास लागलेला वेळ मोजला जातो. शेजारी दुसरी गाडी नसल्यामुळे नवख्या चालकाला टकरीचे भय कमी असते. चूक झालीच, तर तिची कारणे चालकात आणि गाडीतच शोधावी लागतात. चाकांचे नट, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक, तेलाची पातळी आणि गाडीत सैल राहिलेली एखादी वस्तू यांची तपासणी अशा वेळी इंजिनाच्या ताकदीइतकीच महत्त्वाची ठरते.

व्यावसायिक कारकीर्द

अभियांत्रिकीचे शिक्षण चालू असतानाच १९५८ मध्ये न्यूझीलंडच्या होतकरू चालकांसाठीच्या योजनेतून ते युरोपात गेले. त्याच वर्षी न्यूरबर्गरिंग येथील जर्मन ग्रांप्रीत फॉर्म्युला टूची कूपर गाडी चालवून ते एकूण पाचवे आले. १९५९ मध्ये सेब्रिंग येथे, बावीस वर्षांचे असताना, त्यांनी अमेरिकन ग्रांप्री जिंकली. संघातील सहकारी जॅक ब्रॅबहॅम यांच्या गाडीतील इंधन शेवटच्या फेरीत संपल्यामुळे हा विजय हाती आला. सर्वांत तरुण विजेत्याचा त्यांचा विक्रम २००३ पर्यंत टिकला.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःचा संघ स्थापन केला. १९६६ मध्ये ख्रिस एमन यांच्यासह त्यांनी फोर्ड गाडीतून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९६८ मध्ये स्पा येथे ते स्वतःच्या नावाच्या गाडीतून बेल्जियन ग्रांप्रीचे विजेते ठरले. आघाडीवरील जॅकी स्टुअर्ट यांना अखेरीस इंधनाने दगा दिला होता, आणि रेषा ओलांडताना आपण पहिले आहोत हे मॅकलारेन यांना ठाऊकही नव्हते. प्रतिस्पर्ध्यांच्या रिकाम्या टाक्यांनी त्यांना दोनदा हात दिला, हे खरे. पण त्या क्षणी त्यांची स्वतःची गाडी धडधाकट धावत होती, हेही तितकेच खरे. उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेत तर त्यांच्या संघाने १९६९ मधील अकराही शर्यती जिंकल्या.

मृत्यू

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे एम८डी या नव्या कॅन-ॲम गाडीची चाचणी घेत असताना तिचे मागचे आच्छादन वेगात निखळले. गाडीला जमिनीकडे दाबून धरणारा हवेचा जोर नाहीसा झाला, गाडी गरगरत धावपट्टीबाहेर जाऊन आदळली आणि मॅकलारेन जागीच मरण पावले. ते बत्तीस वर्षांचे होते. त्याच महिन्यात मॉसपोर्ट येथे झालेली हंगामातील पहिली कॅन-ॲम शर्यत डॅन गर्नी यांनी मॅकलारेन गाडीतून जिंकली.

जुनी ऑस्टिन सेव्हन इंग्लंडमधील वोकिंग येथे कंपनीच्या मुख्यालयात जपून ठेवलेली आहे.