विश्लेषण : आचार्य शांतिसागर कोण होते? त्यांच्या सल्लेखनेची चर्चा आजही का होते?

गोंदियाहून रायपूरकडे जाणारी रेल्वे आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे टाकून छत्तीसगडमध्ये शिरते आणि थोड्याच वेळात डोंगरगड येते. बम्लेश्वरीच्या दर्शनासाठी गोंदिया जिल्ह्यातून तेथे नेहमीच वर्दळ असते. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र डोंगरगडचे नाव देशभर पोहोचले ते वेगळ्या कारणाने. तेथील चंद्रगिरी तीर्थावर दिगंबर जैन आचार्य विद्यासागर यांनी अन्नपाण्याचा त्याग करून देह ठेवला. या प्रथेला जैन परंपरेत सल्लेखना म्हणतात. विद्यासागरांची गुरुपरंपरा चार पिढ्या मागे नेली, तर ती बेळगाव जिल्ह्यातील एका शेतकरी पाटलापाशी पोहोचते. ते म्हणजे आचार्य शांतिसागर.

सातगौडा पाटील ते शांतिसागर

शांतिसागरांचा जन्म १८७२ मध्ये आजोळी, येळगूळ येथे झाला. त्यांचे गाव भोज, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या संगमाजवळचे. मूळ नाव सातगौडा, वडील भीमगौडा, आई सत्यवती. घरात शेती आणि पाटीलकी होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी त्यांचे लग्न लावण्यात आले आणि काही महिन्यांतच त्यांची बालवधू वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. शेतातले दाणे पाखरे टिपत असली, तरी ते त्यांना हाकलत नसत, असे भोज परिसरात सांगितले जाते.

संन्यासाची ओढ लहानपणापासून असली, तरी आई-वडील हयात असेपर्यंत घर सोडू नये, ही वडिलांची इच्छा त्यांनी पाळली. दोघांच्या निधनानंतर, १९१५ मध्ये त्यांनी उत्तूर येथे देवेंद्रकीर्ती यांच्याकडून क्षुल्लक दीक्षा घेतली. ही संन्यासाची पहिली पायरी असून तिच्यात मोजकी वस्त्रे ठेवता येतात. १९२० मध्ये यरनाळ येथे त्यांनी वस्त्रांचाही त्याग केला आणि ते मुनी झाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसच्या आसपास होते. १९२४ मध्ये सांगलीजवळच्या समडोळी येथे त्यांना आचार्यपद मिळाले.

त्यांनी नेमके काय बदलले?

दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिंछी, पाण्याचा कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढेच असते. पिंछीने बसण्याची जागा हळुवार झाडायची, म्हणजे किडामुंगी चिरडली जात नाही. दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत जेवायचे. प्रवास पायी. केस वस्तऱ्याने काढायचे नाहीत, हाताने उपटायचे. अहिंसा आणि अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे, ही तत्त्वे अशी रोजच्या वागण्यात उतरलेली असतात.

शांतिसागरांच्या काळापर्यंत दक्षिणेत मुनींची संख्या अगदी थोडी उरली होती आणि आचारही सैल झाले होते. कोणाकडे जेवायचे हे आधीच ठरलेले असे, वस्तीतून जाताना अंगावर वस्त्र घेतले जाई. शांतिसागरांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. आधी ठरलेल्या घरी ते जेवत नसत. मुनीला विधीपूर्वक कसे बोलवावे, हे लोकांनाच ठाऊक नसल्याने सुरुवातीला त्यांना उपाशी परतावे लागे. त्यांनी त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही. लोक हळूहळू ती रीत शिकले.

१९२७-२८ मध्ये ते मोठ्या संघासह कुंभोजजवळच्या बाहुबलीहून पायी निघून आजच्या झारखंडमधील सम्मेदशिखरापर्यंत गेले. पुढे उत्तर भारतातही त्यांचा विहार झाला. अनेक शतकांत खुलेपणाने दिगंबर मुनी न पाहिलेल्या गावांना तो अनुभव नवा होता. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेले धवला आणि इतर प्राचीन ग्रंथ नष्ट होऊ नयेत, म्हणून त्यांच्या प्रेरणेने ते ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले. त्यांतील ताम्रपट फलटणला ठेवण्यात आले.

मंदिर प्रवेशाचा वाद काय होता?

त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण स्वातंत्र्यानंतरचे आहे. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला आणि तो जैन मंदिरांनाही लागू मानला गेला. जैन धर्म हिंदू धर्माहून स्वतंत्र आहे, या भूमिकेतून शांतिसागरांनी त्याला विरोध केला आणि १९४८ पासून धान्य वर्ज्य केले. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या जैन मंदिराचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. जुलै १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. हा कायदा हरिजनांना हिंदूंइतकाच हक्क देतो. एखाद्या जैन मंदिरात जाण्याचा हिंदूंचाच रूढीने हक्क सिद्ध होत नसेल, तर या कायद्याने तो हरिजनांनाही मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सुमारे तीन वर्षांनी आचार्यांनी पुन्हा धान्य घेतले.

समर्थकांना यात अल्पसंख्य धर्माच्या स्वतंत्र ओळखीचे रक्षण दिसते. टीकाकारांचा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक जीवाला मोक्षाचा समान अधिकार मानणाऱ्या धर्माने जातीने बाहेर ठेवलेल्यांसाठी दार उघडण्याला विरोध का करावा? एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहावे, असे जैनांचा अनेकांतवाद सांगतो. तो प्रामाणिकपणे लावायचा, तर या दोन्ही बाजू चरित्रात ठेवाव्या लागतात.

सल्लेखनेचा निर्णय का घेतला?

१९५५ पर्यंत त्यांची दृष्टी फारच मंदावली होती. चालताना पायाखाली काय येते हे दिसेना. पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे हा मुनीचा मूळ नियम आहे. तो पाळता येत नसेल, तर आपल्या जगण्यातून हिंसा घडणार, असा विचार करून त्यांनी १४ ऑगस्ट रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. हे तीर्थ आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. जयपूरला असलेले शिष्य वीरसागर यांना त्यांनी आचार्यपद सोपवले. ८ सप्टेंबरला त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला, त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, छत्तिसाव्या दिवशी, त्यांचे निधन झाले. वीरसागर, शिवसागर, ज्ञानसागर आणि मग भोजजवळच्याच सदलगा गावचे विद्यासागर, अशी ही परंपरा पुढे डोंगरगडपर्यंत आली.

कायदा काय म्हणतो?

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी सल्लेखना म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न असल्याचे ठरवले. देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्यात, ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. जैन विचारात आत्महत्या ही रागातून, निराशेतून होणारी हिंसा आहे. सल्लेखना मात्र शरीर धर्माला साथ देईनासे झाल्यावर, गुरूच्या अनुमतीने, सावकाश आणि शांत मनाने घ्यायची असते. विरोधकांची शंकाही गैरलागू नाही. घरातील वृद्ध किंवा आजारी माणूस खरोखर स्वतःच्या इच्छेने अन्न सोडतो की कुटुंबाच्या, समाजाच्या दबावाने, हे कोणी आणि कसे तपासायचे?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला. सल्लेखनेचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. परंतु यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवता येण्याच्या काळात कुठे थांबायचे, हा पेच आता केवळ जैन कुटुंबांचा राहिलेला नाही. शांतिसागरांनी त्याचे उत्तर पस्तीस वर्षांच्या मुनिजीवनानंतर, स्वतःपुरते दिले. अन्न, वस्त्र आणि वाहन यांची गरज कमी करत आलेल्या माणसाचा तो शेवटचा त्याग होता. ती तयारी नसलेल्या माणसाला हाच मापदंड लावता येईल का, या प्रश्नावर आजही एकमत नाही.