अलॉइस अल्झायमर
अलॉइस अल्झायमर (१४ जून १८६४ – १९ डिसेंबर १९१५) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ व मेंदूच्या ऊतींचे अभ्यासक होते. त्यांचा जन्म बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे झाला. १८८८ मध्ये ते फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले.

नोव्हेंबर १९०१ मध्ये आउगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री तेथे दाखल झाली. तिला स्वतःचे नावही पूर्ण लिहिता येत नसे. अल्झायमर पुढे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, तरी एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू व कागदपत्रे मागवून घेतली. चांदीच्या क्षारांनी पातळ काप रंगवल्यावर चेतापेशींमध्ये गुंतलेले तंतू आणि बाह्यकात विखुरलेले साठे दिसून आले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा एकही प्रश्न विचारला गेला नाही. १९०७ मध्ये छापलेला वृत्तांतही जेमतेम तीन पानांचा आहे. उपदंशाने होणाऱ्या मेंदूविकारावरील त्यांचा १९०४ चा प्रबंध याहून कितीतरी विस्तृत होता. आज तो फारसा कोणाला आठवत नाही.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. त्यासाठी हाताशी असलेले रुग्ण मोजकेच होते. खुद्द अल्झायमर यांनी मात्र १९११ च्या दीर्घ लेखात, हा रोग वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाहून वेगळा मानावा का, अशी शंका व्यक्त केली.

१९१२ मध्ये ते ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे प्राध्यापक झाले व तेथेच वारले. डेटर यांची हरवलेली रुग्णनोंद १९९५ मध्ये फ्रांकफुर्ट येथे सापडली.